श्रमदानाचे फोटो व्हायरल होतात, पण पुढच्या वर्षी चरातला गाळ उपसायला कोण जातं?

उन्हाळा संपत आला की व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. रविवारी सकाळी साडेसहाला टेकडीच्या पायथ्याशी जमायचं, टोपी आणि पाण्याची बाटली आणायची, कुदळ-फावडी-घमेली तिथे मिळतील. लोक जातातही. दोन-तीन तास खणतात, हाताला फोड येतात, शेवटी पोहे-चहा होतो आणि ग्रुप फोटो निघतो. संध्याकाळपर्यंत तो फोटो चार ठिकाणी फिरलेला असतो.

वर्षभरानं त्याच टेकडीवर, बऱ्याचदा त्याच खड्ड्यात, पुन्हा एक रोप लावलं जातं. कारण आधीचं वाळलेलं असतं, नाहीतर शेळीनं खाल्लेलं असतं.

सरकारी मोहिमांची गतही फार वेगळी नाही. महाराष्ट्रात २०१६ साली एका दिवसात २ कोटी झाडं लावायची ठरली, मग ४ कोटी, मग १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी. त्यातली जगली किती, यावरून पुढे इतका वाद झाला की चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली.

पण याच महाराष्ट्रात अशीही गावं आहेत जिथे तीस-पस्तीस वर्षांपूर्वी लोकांनी राखायला घेतलेलं जंगल आजही उभं आहे. लोक तसेच, कष्ट तसेच. मग एका ठिकाणी काम टिकतं आणि दुसरीकडे पहिल्या दोन पावसांत वाहून जातं, असं का होतं? तेच समजून घेऊ.

आधी हे बघू, की खणल्यानं होतं काय?

श्रमदानात सगळ्यात जास्त खणला जातो तो सलग समतल चर. लोक त्याला सीसीटी म्हणतात. डोंगरउतारावर एकाच उंचीच्या रेषेत खणलेली ही लांबलचक नाली. ती रेषा बरोबर पकडण्यासाठी तीन काठ्या इंग्रजी ए अक्षरासारख्या बांधून ए-फ्रेम बनवतात, किंवा पाण्याच्या नळीचं हायड्रोमार्कर वापरतात. रेष चुकली, की पाणी चरात थांबण्याऐवजी एका टोकाला धावतं आणि बांध फोडून निघून जातं.

साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चर धरला, तर एक मीटर लांबीत १८० लिटर पाणी मावतं. शंभर मीटर चरात १८ हजार लिटर. म्हणजे १२ हजार लिटरचा एक टँकर धरला तर दीड टँकर पाणी, तेही एकदा भरल्यावर. पावसाच्या प्रत्येक मोठ्या सरीनंतर तो पुन्हा भरतो, पुन्हा मुरतो. म्हणूनच काम माथ्यावरून सुरू करून पायथ्याकडे यायचं, असा नियम आहे. वर पाणी अडलं नाही तर खालचा बंधारा गाळानं भरतो.

आता याच हिशोबाची दुसरी बाजू. पाण्याबरोबर मातीही येते आणि चरात बसते. एक तृतीयांश चर गाळानं भरला, की १८ हजारांचे १२ हजार लिटर होतात. आणखी दोन पावसाळे लक्ष दिलं नाही, की चर होता कुठे हे शोधावं लागतं. त्यामुळे चर खणणं हे एका दिवसाचं काम असलं, तरी चर राखणं हे दरवर्षीचं काम आहे. फोटो मात्र पहिल्याच दिवसाचा निघतो.

४५ दिवसांचं वादळ

श्रमदान हा शब्द अलीकडच्या काळात घराघरात पोचवला तो पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेनं. आमिर खान आणि किरण राव यांच्या पुढाकारानं २०१६ मध्ये ही स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी फक्त तीन तालुके होते. अमरावतीतला वरुड, बीडमधला अंबाजोगाई आणि साताऱ्यातला कोरेगाव. ११६ गावं उतरली आणि कोरेगाव तालुक्यातल्या वेळूनं पहिला नंबर मारला.

पुढच्या वर्षी ३० तालुके झाले, त्याच्या पुढच्या वर्षी ७५. वर्ध्यातलं काकडदरा, साताऱ्याच्या माण तालुक्यातली टाकेवाडी, सोलापूरच्या बार्शी तालुक्यातलं सुर्डी ही नावं त्या विजयांमुळे राज्यभर पोचली. एप्रिल-मेच्या उन्हात ४५ दिवस गावंच्या गावं डोंगरावर असायची. १ मेच्या महाश्रमदानाला पुण्या-मुंबईतले हजारो ‘जलमित्र’ गाड्या करून गावांत पोचायचे.

या स्पर्धेनं एक गोष्ट सिद्ध केली. लोक यायला तयार आहेत. एकमेकांशी वर्षानुवर्षं न बोलणारे गट एका चरात उतरू शकतात. पुढाऱ्याची वाट न बघता गाव कामाला लागू शकतं.

पण याच फाउंडेशननं २०१९ नंतर वॉटर कप थांबवला आणि समृद्ध गाव स्पर्धा आणली. त्यात पाणी अडवण्याइतकाच भर अडवलेलं पाणी जपून वापरण्यावर, मातीवर, गवतावर आणि झाडांवर होता. म्हणजे नुसतं खणून भागत नाही, पुढची सवय लागावी लागते, हे या बदलातही दिसतं.

मग गाडं अडतं कुठे?

अडतं ते बहुतेक वेळा तीन जागी.

पहिली जागा म्हणजे देखभाल. चर उपसायचा, फुटलेला दगडी बांध लावायचा, रोपांना पहिली दोन-तीन वर्षं पाणी घालायचं, वणव्याआधी जाळरेषा काढायची. ही कामं रटाळ आहेत. त्यांचं उद्घाटन होत नाही, त्यांना बक्षीस नाही.

दुसरी जागा जास्त नाजूक आहे. घाम सगळ्यांचा असतो, पण पाणी विहीरवाल्याचं होतं. डोंगरावर मुरलेलं पाणी खाली उतरतं ते ज्याची जमीन पायथ्याशी आहे त्याच्या विहिरीत. ज्याला जमीनच नाही, त्यानं ४५ दिवस कुदळ मारली तरी त्याच्या घरात त्यातून थेट काय येतं? शिवाय ज्याचं पोट रोजच्या मजुरीवर आहे, त्याचा श्रमदानाचा दिवस म्हणजे बुडालेला रोज. बागायतदाराचा तसा नाही. आणि विहिरीला पाणी दिसलं की पहिला ऊस लागतो, दुसरा बोअर पडतो. चार वर्षांत गाव पुन्हा टँकरच्या यादीत.

तिसरी जागा कागदावरची. जमीन कोणाची? डोंगर वनविभागाचा असतो, गायरान सरकारचं पण ताब्यात ग्रामपंचायतीच्या, बाकी उतार खासगी. राखीव वनात परवानगी न घेता जमीन खणणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा ठरू शकतो. परवानगी मिळाली तरी ती खणण्याची असते. तिथे उद्या काय लावायचं, गुरं कधी सोडायची, वाळलेलं लाकूड कोणी न्यायचं हे ठरवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. कष्ट आपले आणि नियम दुसऱ्याचे असले, की माणूस दुसऱ्या वर्षी येत नाही.

ज्या गावांत काम टिकलंय, त्यांनी या तीन अडचणींवर काहीतरी तोडगा काढलेला दिसतो.

हिवरे बाजार : आधी पाण्याचा हिशोब, मग पीक

अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. पाऊस वर्षाला सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढे गाव आदर्श गाव योजनेत आलं. डोंगरावर चर झाले, झाडं लागली. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा ती पुन्हा एकदा सगळीकडे फिरली.

पण खरी मेख नियमांत आहे. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नसबंदी, नशाबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावानं घेतली. शेतीसाठी बोअर मारायचा नाही, असंही ठरलं. ऊस-केळीसारख्या पाणीखाऊ पिकांना आवर घातला. गुरं डोंगरावर मोकळी सोडायची नाहीत, पण गवत कापून न्यायची मुभा ठेवली. म्हणजे ज्याच्याकडे जमीन नाही पण दावणीला जनावर आहे, त्यालाही डोंगर राखण्यात फायदा दिसला.

आणि दरवर्षी गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं. पाऊस किती पडला, विहिरींची पातळी किती आहे, पिण्यासाठी किती ठेवायचं, उरलेल्यात रब्बीला कोणतं पीक झेपेल, हे ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठरतं. इथे श्रमदान हे पाच नियमांपैकी एक आहे. बाकीचे चार पाळले नसते, तर पाचव्याचं पाणी कधीच बोअरमधून उपसलं गेलं असतं.

बारीपाडा : राखण गावाची, दंडही गावाचाच

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात गुजरातच्या सीमेजवळ बारीपाडा हा आदिवासी पाडा आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला भोवतीचं जंगल विरळ झालेलं, पाण्यासाठी वणवण चाललेली. चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी जंगल राखायला घेतलं. चारशे हेक्टरहून जास्त जंगल त्यांनी उभं राहू दिलं. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

‘उभं राहू दिलं’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. तोड थांबली, चराई थांबली, की सह्याद्रीच्या जमिनीत राहिलेली खोडं आणि मुळं स्वतःहून फुटतात. नर्सरीतून लाखो रोपं आणावी लागत नाहीत. लागते ती राखण. बारीपाड्यानं वनसंरक्षण समिती केली, राखणदार ठरवले, झाड तोडणाऱ्याला दंड लावला. गावातल्या माणसालाही तो चुकत नाही.

याच जंगलात मिळणाऱ्या भाज्यांची पाककला स्पर्धा तिथे दरवर्षी भरते. गावातल्या बायका पानं, कंद, मोड, फुलं आणून रांधतात आणि बाहेरून आलेले लोक रांगा लावून जेवतात. जंगल राखलं की ताटात काय येतं, हे पोरांना वेगळं शिकवायला लागत नाही.

मेंढा लेखा आणि पाचगाव : कायद्यानं मिळालेला हक्क

हिवरे बाजार आणि बारीपाडा इथे गावाच्या एकीनं आणि नेतृत्वानं काम झालं. पण प्रत्येक गावाला पोपटराव किंवा चैत्राम मिळत नाही. मग कायदा काही देतो का?

देतो. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे शंभरेक घरांचं गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथलीच. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीनं गावानं अभ्यासगट चालवले. एखादा विषय महिनोन्महिने चर्चेत राहायचा आणि निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं व्हायचा.

२००६ च्या वनहक्क कायद्यात एक कलम आहे. जे जंगल गाव पिढ्यानपिढ्या वापरत आणि राखत आलंय, त्याचं संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क त्या गावाच्या ग्रामसभेला मिळू शकतो. यालाच सामूहिक वनहक्क म्हणतात. २००९ मध्ये हा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांमध्ये मेंढा होतं. सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा हा हक्क.

तरीही बांबूवरून अडलंच. वनहक्क कायदा बांबूला गौण वनोपज म्हणतो, म्हणजे गाव तो तोडू आणि विकू शकतं. पण वाहतुकीचा परवाना वनविभागाच्या हातात होता, आणि परवान्याशिवाय माल रस्त्यावर आणता येत नाही. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात गेले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेकडे आलं. कागद तसा लहानच, पण त्यानंतर जंगल राखण्याचा पैसा जंगलातूनच उभा राहायला लागला. फुकटच्या श्रमावर सगळं चालवायची गरज उरली नाही.

चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. २०१२ मध्ये त्यांना सुमारे हजार हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. हक्क मिळाल्यावर ग्रामसभेनं तेंदूपत्ता तोडणं बंद केलं. विदर्भात तेंदू म्हणजे उन्हाळ्यातला रोख पैसा. पण पानं जास्त यावीत म्हणून झाडांच्या फांद्या छाटल्या जातात, जमिनीला आग लावली जाते. तेंदूची फळं माणसंही खातात आणि पाखरंही. गावानं हिशोब केला आणि बांबूवर भर द्यायचं ठरवलं. जंगलाचा एक तुकडा तर अजिबात हात न लावता ठेवला.

‘लोकांच्या हातात जंगल दिलं की ते विकून खातील’ असं म्हणणाऱ्यांसाठी पाचगाव हे उत्तर आहे. अर्थात सगळीच गावं असं करतील असं नाही. पण ज्याच्याकडे ‘घ्यायचं’ ठरवण्याचा हक्क आहे, तोच ‘नको’ म्हणू शकतो.

शहरातल्या लोकांनी मग काय करायचं?

पुण्या-नाशिकात राहणाऱ्या माणसाला सामूहिक वनहक्क मिळणार नाही. पण जमीन राखण्यात त्याचं काही चालत नाही, असंही नाही.

पुण्याच्या टेकड्याच घ्या. समाविष्ट गावांमधल्या टेकड्यांवर बांधकाम होऊ नये, यासाठी नागरिकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०१५ मध्ये साडेनऊशे हेक्टरहून जास्त टेकड्यांवरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण राज्य सरकारनं मान्य केलं. वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती–पौड फाटा रस्त्याविरोधात लोक रस्त्यावर उतरले, प्रकरण कोर्टात गेलं. रविवारी टेकडीवर फिरायला आणि झाडांना पाणी घालायला जाणाऱ्या लोकांचं बळ या लढ्यांमागे होतं. रोज जाणाऱ्यालाच कळतं की टेकडीचा लचका कुठे तुटतोय.

पण याच टेकड्या एक चूकही दाखवतात. हिरवं करायच्या नादात गेल्या काही दशकांत तिथे गिरिपुष्प मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं. मूळचं मध्य अमेरिकेतलं हे झाड पटकन वाढतं आणि गुरं त्याला फारशी तोंड लावत नाहीत, म्हणून सोयीचं. पण दख्खनच्या पर्जन्यछायेतले बरेच माळ आणि टेकड्या मुळात गवताळ आहेत, अधूनमधून खैर-हिवरासारखी काटेरी झाडं असलेल्या. लांडगा, चिंकारा, माळढोक यांचं घर म्हणजे ते गवत. सरकारी नोंदींत त्याला ‘पडीक’ म्हटलं जातं आणि ते वाचून स्वयंसेवक तिथे खड्डे खणायला जातात. माळावर गर्द सावली केली की गवत जातं, आणि गवतामागून मेंढपाळाची चराईही जाते.

म्हणून कुदळ उचलण्याआधी ती जागा मुळात काय होती, हे विचारणं गरजेचं आहे. सांगू शकणारी माणसं सापडतात. तिथे गुरं चारणारे म्हातारे, जवळच्या कॉलेजातले वनस्पतीशास्त्राचे शिक्षक, पक्षी बघणारे लोक. शिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महापालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं लोकांच्या मदतीनं स्थानिक जैवविविधतेची नोंदवही करायला हवी. बऱ्याच ठिकाणी ही समिती कागदावरच असते. ती जागी करायला रविवारचे दोन तास दिले, तर ते रोप लावण्याइतकंच श्रमदान आहे. विकास आराखड्यावर हरकत नोंदवणं हेसुद्धा.

पुढच्या रविवारी जाण्याआधी

ग्रुपवर मेसेज आला की जरूर जावं. पण त्याच ग्रुपवर आधी तीन प्रश्न टाकावेत.

एक, ही जमीन कोणाच्या नावावर आहे आणि परवानगी कशाची मिळाली आहे? दोन, इथे गुरं चारणारे, सरपण नेणारे, पायथ्याशी राहणारे लोक या कामात आहेत का, आणि नियम ठरवताना त्यांना विचारलं का? तीन, ऑक्टोबरमध्ये गाळ उपसायला आणि मार्चमध्ये रोपांना पाणी घालायला कोणाची नावं लिहिली आहेत?

तिसऱ्या प्रश्नापुढे नावं नसतील, तर आपलं नाव लिहिता येतं. गर्दी जमवणाऱ्या मोहिमांना माणसं मिळतात ती मे महिन्यात. पाऊस सरल्यावर चिखल वाळत असताना, फावडं घेऊन तोच चर पुन्हा बघायला जाणारे दहा जण मिळाले, तर तो चर पुढच्या वर्षीही पाणी धरेल.